फौजदाराच्या नावावर

३ मार्च

प्रिय दादा,

फोन करून उपयोग नाही. तू सगळ्याला "हां हां" म्हणतोस आणि त्यातलं अर्धं तुला ऐकूच आलेलं नसतं, हे वहिनीने मला कधीच सांगून टाकलंय. प्राणिघरातल्या त्या मोठ्या पंख्यांनी आणि पिंजरे धुणाऱ्या यंत्राने तुझे कान खाल्ले. तेव्हा लिहितेच.

काम उंदराचं आहे. एकतीस वर्षं तू प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळलेस, त्यामुळे घरात दुसरं कुणाला विचारणार? तुझ्या भाचीने पाळलेला तो पांढरा उंदीर तुला आठवत असेल, डोक्यावर करड्या केसांची टोपी असलेला. मिशांवरून आणि चालण्यावरून तिने त्याचं नाव फौजदार ठेवलं. ती शिकायला गेली, वसतिगृहात उंदीर चालत नाही, आणि फौजदार माझ्या गळ्यात पडला. ती होती तेव्हा तिच्या खांद्यावर बसून बिस्किटं खायचा. आता पिंजऱ्याजवळ गेलं की अंग फुगवतो. मला तीनदा चावलाय. आधी बोटाला, मग हाताला, मग दंडाला.

माझा धंदा हातांचा. कवळीला पॉलिश करताना बोट जरा हललं तर कडा जाते, आणि मग कुणाच्या तरी हिरडीला ती महिनाभर टोचत राहते. गेल्या आठवड्यात दंतवैद्यांकडून एक खालची कवळी परत आली. वीस वर्षांत माझं काम कधी परत आलं नव्हतं.

मला दमायला होतं रे. सकाळी उठतानाच दमलेली असते. या उंदराचं एकदा काय ते करून टाक. त्याला त्रास न होता कसं झोपवायचं ते तुला येतं. एखादा रविवार काढ आणि ये. लेकीला मी सांगेन काहीतरी.

आई बरी आहे. जेवते, झोपते. तिची काळजी करू नकोस.

तुझी,
छबी


९ मार्च

छबे,

तुझं पत्र आलं की मी चष्मासुद्धा न शोधता पाकीट फाडतो, असं वहिनीचं म्हणणं आहे. मग चष्मा तीच आणून देते.

आता फौजदाराचं. वर्षभराचा नर. अंग फुगवून तिरका तिरका चालतो का? फुसफुसतो का? पिंजऱ्याच्या गजांना कूस घासतो का? तसं असेल तर तो वेडा नाही आणि वाईटही नाही, वयात आलाय. गजांतून बोट आत घालायचं नाही, गजांतून खाऊ द्यायचा नाही. आत हात घालण्याआधी हात धुवायचे. बाहेर काढायचा तर टॉवेल टाकून उचलायचा. लहान जनावरांचा डॉक्टर शोध. छोटीशी शस्त्रक्रिया असते, त्यानंतर महिना-दीड महिन्यात बरेचसे निवळतात. सगळे नाही निवळत, हेही सांगून ठेवतो.

झोपवणं अगदी शेवटचं. ते काम माझ्याकडेच असायचं, कारण माझा हात हलत नसे. किती झोपवले ते मोजले नाहीत. निवृत्त झालो त्या दिवशी कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हटलं, सुटलो. तरी तू म्हणत असशील तर येईन. तुझ्या हातांपुढे उंदीर मोठा नाही.

पण आधी मला नीट लिहून पाठव. आमच्याकडे चाव्यांची एक वही असायची. कोणता उंदीर, कोणती तारीख, किती वाजता, कुठे चावला, जखम दिसते कशी, आणि त्या वेळी तुमचा हात काय करत होता. साहेब लोक हसायचे, पण त्या वहीमुळे दर वेळी कळायचं की चूक उंदराची आहे का माणसाची. बहुतेक वेळा माणसाचीच निघायची.

आईबद्दल एकच ओळ लिहिलीस. ती माझी आठवण काढते का?

दादा


१७ मार्च

प्रिय दादा,

घे तुझी वही.

पहिला चावा, वीस जानेवारी, संध्याकाळ. गजांतून गाजर देत होते (हो, कळलं, द्यायचं नाही). उजव्या तर्जनीच्या टोकाला. अगदी बारीक दोन चिरा, जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या, पण खोल. रक्त पुष्कळ आलं.

दुसरा, अकरा फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. पिंजरा साफ करत होते. डावा हात, मनगटाच्या वर चार बोटं. रक्त थोडं, सूज जास्त. वरची कमान अडीच बोटं रुंद, खालची तिच्याहून अरुंद. समोरच्या चारांचा ठसा सारखा आणि स्वच्छ, डावीकडचा सुळा किंचित आत वळलेला, त्यामुळे तिथे ठसा पुसट. दाढांचा ठसा नाही.

तिसरा, सव्वीस फेब्रुवारी, पुन्हा साडेदहाच्या सुमारास. पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं होतं. उजवा दंड, मागच्या बाजूने. ठसा दुसऱ्यासारखाच, पण खोल. तो अजून निळा आहे.

झालं? आता शस्त्रक्रियेचं सांगू नकोस. महिना-दीड महिना आणखी कशाची तरी वाट बघायची ताकद माझ्यात उरलेली नाही. या रविवारी ये. सकाळी ये, बाहेरच्या खोलीत तुझं काम उरक आणि निघ. आईला भेटायला आत जाऊ नकोस. नवं माणूस दिसलं की तिचा सगळा दिवस बिघडतो. मी काय नवा माणूस आहे का, असं मला विचारू नकोस. तू आता नवा माणूसच आहेस. आठवण काढते का म्हणून विचारलंस, म्हणून सांगितलं.

छबी


२९ मार्च

छबे,

रविवारी मी आलो नाही. तू वाट बघितली असशील, मला शिव्याही दिल्या असशील. हे चौथं पत्र आहे, आधीची तीन फाडली.

तुझं लिहिलेलं वाचून मी तयारी केली होती. माळ्यावरून डबा उतरवला, पिशवी भरली, वहिनीला सांगितलं की दुपारी परत येईन. निघण्याआधी तू लिहिलेले चावे पुन्हा एकदा वाचले. उंदीर हातात धरण्याआधी तो कुठे आणि कसा चावतो हे वाचायची सवय आहे, ती काही सुटत नाही. वाचलं आणि बूट काढून ठेवले.

अगं, उंदराचं अख्खं तोंड तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढं असतं. अडीच बोटांची कमान कुठून आणणार तो? समोर वर दोन दात, खाली दोन, मग मोकळी जागा आणि आत दाढा. सुळा उंदराला नसतोच. एकतीस वर्षांत सुळा असलेला उंदीर मी पाहिला नाही. पहिला चावा फौजदाराचा आहे, तो मी डोळे मिटून ओळखेन. बाकीचे दोन लिहिताना तू उंदराला विसरलीस आणि दंतवैद्यांना कामाची चिठ्ठी लिहितेस तसं लिहून गेलीस.

तो आत वळलेला सुळा मी ओळखतो. आईची कवळी करत होतीस तेव्हा मी तुझ्या त्या उंच स्टुलावर बसलो होतो. आई म्हणाली, "माझा दात होता तस्सा वाकडा कर, नाहीतर आख्ख्या गल्लीला कळेल." तू दोनदा मेण उतरवून पुन्हा लावलंस, आणि तिसऱ्यांदा आरशात बघून ती हसली.

आई तुला चावते. सकाळी साडेदहाला, म्हणजे आंघोळीच्या वेळी. बरोबर ना?

मला तुझा राग आलाय, हे लपवत नाही. मी त्या उंदराला मारायला निघालो होतो. तू मला नुसतं सांगायचं होतंस. उंदराच्या नावावर का खपवलंस?

दादा


४ एप्रिल

दादा,

बरोबर.

का खपवलं म्हणून विचारतोस, तर ऐक. दोन वर्षांपूर्वी आई तुझ्याकडे होती आणि तिने वहिनीच्या अंगावर पेला फेकला. तू दिवाणखान्यात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणालास, "पुन्हा हिने कुणावर हात उगारला तर मी सरळ म्हाताऱ्यांच्या संस्थेत नेऊन ठेवीन. माझ्या घरात हे चालायचं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला माझ्याकडे घेऊन आले. तू ते रागात बोललास की मनापासून, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

मी त्या संस्थेत मापं घ्यायला जाते, दादा. तिथे माणसं वाईट नाहीत, पण ती थोडी आणि म्हातारी माणसं फार. सगळ्यांच्या कवळ्या एका मोठ्या डब्यात धुतात आणि नावाच्या चिठ्ठ्या पाण्यात सुटून जातात. एकदा एका आजींच्या तोंडात मला दुसऱ्याच कुणाचे दात दिसले. आजी गप्प बसून होत्या. आपली आई तिथे बसलीय आणि तिच्या तोंडात परके दात आहेत, हे चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तिला मी ओळखू येत नाही असं नाही. दिवसभर मी छबी असते. पण आंघोळीला कपडे काढायला लागले की मी कुणीतरी भलतीच बाई होते. ती घाबरते, आणि घाबरली की चावते. तू म्हणशील, दात काढून ठेव. एकदा काढले. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि दुपारपर्यंत हात खाली घेतले नाहीत, जेवलीही नाही. मग तिसऱ्या चाव्यानंतर मी एक गोष्ट केली, ती कुणालाच सांगितलेली नाही. ती झोपली असताना कवळी कामाच्या टेबलावर नेली आणि समोरच्या दातांची धार कानशीने घासून टाकली. मीच लावलेले दात. दुसऱ्या दिवशी तिला सफरचंद तोडता येईना. फोड हातात धरून मला म्हणाली, "छबे, माझ्या दातांना काय झालं गं?" मी म्हटलं, जुने झाले, आई. त्या आठवड्यात नवे दात बसवून दिले. धार होती तशीच.

दंड निळा दिसला तेव्हा शेजारणीने विचारलं. तोंडातून निघून गेलं, उंदीर चावला. मग लेकीला तेच सांगितलं, मग तुला. सांगून सांगून मला ते खरंच वाटायला लागलं. पिंजऱ्यासमोर उभी राहून मी फौजदारावर ओरडायचे. कुणाचा तरी राग काढायलाच हवा होता आणि आईवर तो काढता येत नव्हता. तू रविवारी आला असतास तर मी पिंजरा तुझ्या हातात दिला असता आणि वर तुला चहा विचारला असता. हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

आता तुला कळलंच आहे, तर ठरव काय ते. फक्त तिला संस्थेत ठेवायचं असेल तर मला आधी सांग. मी थकलेय, पण तेवढी थकलेली नाही.

छबी


२ मे

छबे,

आईला इथे आणून आज बारा दिवस झाले. तुझ्याकडून निघताना तू जिन्यात पाठ करून उभी होतीस, तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितो. दोन महिने म्हटलंय ते दोन महिने. तोवर तू झोप काढ.

आई छान आहे. खिडकीत बसते. मला कधी "दादा" म्हणते, कधी "अहो मास्तर". मी दोन्हीला ओ देतो. आंघोळ वहिनी घालते. पाणी कोमट, बादली आधी दाखवायची, अंगावर आधी टॉवेल आणि मग टॉवेलाखालून कपडे काढायचे, असं काय काय तिने बसवलंय. चावली नाही, एकदाही नाही. मी रोज विचारतो, ती रोज म्हणते, काही नाही, गरीब गाय आहे अगदी. तुलाही ही पद्धत कळवतो, पुढे उपयोगी पडेल.

फौजदाराला डॉक्टरकडे नेलंस का? त्याला मी त्या दिवशी नीट पाहिलं. टॉवेल टाकायच्या आधीच माझ्या अंगठ्याला खूण करून मोकळा झाला, पण तेवढं व्हायचंच. मारण्यासारखं त्यात काही नाही.

दादा


१० मे

प्रिय दादा,

नेलं. शस्त्रक्रिया होऊन दोन आठवडे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडे दिवस धीर धरा. अजून फुगतो, पण येऊन हात हुंगतो आणि मग फुगतो, आधीसारखा लगेच नाही. लेकीला सगळं खरं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली की सुट्टीत आल्यावर ती त्याची समजूत घालेल. नाहीच निवळला तर नाही निवळला. त्याला मांडीवर घ्यायचा माझा काही हट्ट नाही. मोठा पिंजरा आणलाय, कामाच्या खोलीत ठेवलाय. मी कवळ्या घासते, तो कागद फाडतो. आपापलं काम करतो. त्याला मी कुठे पाठवणार नाही आणि झोपवणारही नाही, हे ठरलं.

पहिल्या दिवशी मी अकरा तास झोपले. उठल्यावर घर इतकं गप्प होतं की मी आईच्या खोलीत जाऊन नुसती बसले.

तुझं पत्र वाचून मात्र दोन दिवस कामाला हात लागला नाही. बारा दिवसांत एकदाही नाही. मी पाणी कोमटच घेत होते रे. टॉवेलही टाकत होते. मग माझंच काहीतरी चुकत होतं का? मी घाई करत होते? माझ्या आवाजात राग यायचा, ते तिला कळत असेल का? वहिनीला विचार, मी काय वेगळं करायला हवं होतं. तुझ्या त्या वहीत बहुतेक वेळा चूक माणसाची निघायची, असं तूच लिहिलं होतंस.

छबी


२१ मे

छबे,

तुझं काही चुकत नव्हतं. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

सोमवारी वहिनीला ताप होता, म्हणून आईला आंघोळ मी घातली. बादली दाखवली, टॉवेल टाकला, हळू बोललो. हात न हलणारा म्हणून सगळ्या खात्यात माझं नाव होतं, त्या हाताने पहिलं बटण काढलं. तिसऱ्या मिनिटाला तिने माझ्या हाताचा चावा घेतला आणि धरून ठेवला. मी ओरडलोसुद्धा नाही. तिचे डोळे दिसत होते ना. ती चावत होती, पण घाबरलेली तीच होती.

बुधवारी भांडी घासताना माझी बाही वर गेली आणि वहिनीने विचारलं, हे काय? तुला जाब विचारणारा मी, माझ्या तोंडून काय निघावं? म्हणालो, परवा जुन्या खात्यात दोस्तांना भेटायला गेलो होतो, तिथे उंदीर चावला.

तिने मलम आणलं, लावलं, पट्टी बांधली. मग गॅस बंद केला आणि स्वतःच्या दोन्ही बाह्या वर केल्या. दंडावर दोन, पिवळे पडलेले. मनगटाशी एक, ताजा. मनगटाचं मला तिने कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं होतं, आणि मी ऐकून घेतलं होतं.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

म्हणाली, "तुम्ही त्यांना ठेवून आला असता."

गेले दोन दिवस हेच वाक्य कानात आहे. बाकी काही ऐकू येत नाही मला, पण हे ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी मी एकदा तोंड उघडलं आणि तेव्हापासून माझी बहीण आणि माझी बायको हात झाकून फिरताहेत. आईला भ्यायचं तुम्हाला काही कारण नव्हतं. तुम्ही मलाच भीत होता.

मी ते शब्द परत घेतो. वहिनीसमोर मोठ्याने परत घेतले, आता तुला लिहून देतो. आई कुठेही जाणार नाही. गुरुवारपासून आंघोळ आम्ही दोघं मिळून घालतो, एक जण तिचे हात हातात धरतो आणि तिच्याशी बोलत राहतो. तरी चावली तर चावली. पुढच्या महिन्यात तिला न्यायला येऊ नकोस. ये, पण अर्ध्या बाह्यांचं घालून ये आणि चार दिवस राहा.

दादा